कोकणातल्या जंगलाची उत्पादकता: मोजणी, मातीतला साठा आणि मॉडेल

वार्षिक पाऊस आणि सरासरी तापमान या दोन आकड्यांवर वनस्पतींचं वार्षिक उत्पादन सांगणारं मायामी मॉडेल १९७० च्या दशकापासून वापरात आहे. त्यात कोकण किनाऱ्यासाठी २७ अंश सेल्सियस आणि ३,३०० मिलिमीटर हे आकडे घालून पाहा. तापमानाचं सूत्र ३००० ÷ (१ + ई^(१.३१५ − ०.११९ × तापमान)) असं आहे, त्याचं उत्तर येतं २,६०९. पावसाचं सूत्र ३००० × (१ − ई^(−०.०००६६४ × पाऊस)), त्याचं येतं २,६६५. दोन्ही आकडे दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती ग्रॅम सुकं वजन तयार होतं ते सांगतात आणि दोहोंतला लहान धरायचा असतो. म्हणजे हेक्टरी २६ टन, आणि तेही उष्णता कमी पडते म्हणून. पाणी म्हणे भरपूर आहे. एप्रिलात कातळसड्यावरचं करपलेलं गवत आणि निष्पर्ण झाडं ज्याने पाहिली आहेत त्याला यात काय चुकलं ते सांगावं लागणार नाही.

पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि त्यातला मोठा भाग पऱ्यांवाटे (ओढ्यांवाटे) खाडीत जातो. त्या चार महिन्यांत पाणी मुबलक, पण ढगांमुळे ऊन तुटपुंजं. मार्च-एप्रिलात ऊन रगड, पण जमिनीत ओल नाही. दोन्ही एकाच वेळी मिळतात ते पाऊस सरल्यानंतर, आणि तो काळ किती लांबतो हे मातीच्या खोलीवर ठरतं. म्हणून कोकणासाठी मॉडेल बांधताना सगळ्यात जास्त मेहनत मातीतल्या पाण्याच्या साठ्यावर घ्यावी.

कोणती उत्पादकता

'उत्पादकता' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात: खोडांची वार्षिक वाढ, निव्वळ प्राथमिक उत्पादन (खोडांची वाढ, गळालेला पाला आणि मुळांची वाढ मिळून) आणि उपग्रहावरून काढलेलं एकूण प्रकाशसंश्लेषण. तिघांचं उत्तर एकच येईल असं धरू नका. उथळ मातीवरचं झाड पानांवर आणि मुळांवर जास्त खर्च करतं, लाकडावर कमी. माणूसबळ कमी असेल तर खोडांची वाढ आणि पालागळ या दोनच गोष्टी नीट मोजाव्यात. मुळांसाठी जमिनीवरच्या वजनाला ठरावीक गुणोत्तराने गुणण्याची पद्धत आहे. कार्बनचा हिशेब मांडायला ती चालते, पण मातीचा परिणाम शोधताना तिचा उपयोग नाही, कारण गुणोत्तर सगळीकडे तेच धरलेलं असतं.

प्लॉट कुठे टाकायचे

०.१ हेक्टरचा चौरस प्लॉट सोयीचा, म्हणजे बाजू ३१.६२ मीटर. ही बाजू आडव्या अंतराची आहे. ३० अंशांच्या उतारावर टेप उताराला लावून मोजत असाल तर ३६.५ मीटर धरावी लागते. हे विसरलं की सह्याद्रीच्या पायथ्याचे प्लॉट लहान पडतात आणि तिथली हेक्टरी वाढ विनाकारण कमी दिसते.

चाळीस ते साठ प्लॉट हाती असतील तर मॉडेलला तग धरता येते. पण संख्येपेक्षा निवड महत्त्वाची. किनारा सोडून पूर्वेला गेलं की पाऊस वाढतो, उंची वाढते, तापमान उतरतं आणि वस्ती विरळ होते. हे सगळं एकत्रच बदलत असल्यामुळे नुसते पश्चिम-पूर्व रेषेवर प्लॉट टाकले तर कोणत्या घटकाने काय केलं ते कोणतंच सॉफ्टवेअर वेगळं करून देणार नाही. त्यासाठी उलटसुलट जोड्या मुद्दाम शोधाव्या लागतात: किनाऱ्याजवळची खोल मातीची घळ आणि घाटाखालचा भरपूर पावसाचा उथळ कातळ.

देवराईत हाच गोंधळ वेगळ्या रूपात भेटतो. देवरहाटी बऱ्याचदा झऱ्याशी, खोल मातीवर असते आणि तिथे कुऱ्हाडही चालत नाही. वाढ जास्त दिसली तर श्रेय मातीला द्यायचं की राखणीला? खोल मातीवरचं तोड झालेलं मालकीचं रान आणि उथळ जागेवरची देवराई, दोन्ही नमुन्यात हवीत. देवराईत पाऊल टाकण्याआधी गावकर-मानकऱ्यांना विचारावं, मालकी रानात मालकाला, सरकारी वनात वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी. झाडांना पत्र्याचे क्रमांक ठोकणार असाल तर ते आधीच सांगावं. देवाच्या झाडाला खिळा चालत नाही, तिथे रंगाने क्रमांक घालायचा.

खारफुटी या मॉडेलमध्ये घेऊ नये. तिथे भरती-ओहोटी आणि क्षारता यांचा कारभार चालतो, त्याला वेगळं मॉडेल लागतं.

झाडांची मोजणी

घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. उतारावर झाडाच्या चढाकडच्या बाजूने. मोजलेल्या जागी रंगाचा पट्टा ओढून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी टेप नेमका तिथेच बसेल. हे किती महत्त्वाचं आहे ते एका ऐनाच्या उदाहरणावरून कळेल. उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी सर्रास वापरलं जाणारं २०१४ चं सूत्र असं:

वजन (किलो) = ०.०६७३ × (लाकडाची घनता × व्यास² × उंची)^०.९७६

व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, घनता दर घनसेंटिमीटरला ग्रॅममध्ये. घेर ९४ सेंटिमीटर (व्यास २९.९), उंची १५ मीटर आणि घनता ०.७३ धरली तर वजन ५२९ किलो. वर्षभरात घेर ९६ झाला तर ५५१ किलो. वर्षाची वाढ २२ किलो. आता टेप अर्ध्या सेंटिमीटरने चुकला तर वजनात सुमारे साडेपाच किलोंचा फरक पडतो, म्हणजे वाढीच्या आकड्यात पाव हिस्सा चूक. शिवाय पावसाळ्यात साल पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एका वर्षी ऑगस्टात आणि दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये मोजलं तर झाड 'बारीक' झालेलं दिसेल. दरवर्षी त्याच महिन्यात मोजा. जानेवारी बरा, रानात शिरता येतं आणि साल कोरडी असते. खोडाभोवती कायमची पट्टी आणि स्प्रिंग बसवणार असाल तर स्टेनलेस स्टीलचीच घ्या. खाऱ्या हवेत साधा पत्रा लवकर गंजतो आणि अडकलेली पट्टी वाढ लपवते.

कोकणातल्या रानाच्या दोन खोडी परक्या सूत्रांना माहीत नसतात. पहिली, फुटवे. मालकी रान जळणासाठी काही वर्षांच्या फेऱ्याने तोडलं जातं, त्यामुळे एका बुंध्यातून चार-पाच खोडं उभी असतात. प्रत्येक खोड वेगळं मोजा. किमान घेर ३० सेंटिमीटर ठेवला तर असल्या रानातलं निम्मं जंगल नोंदीबाहेर राहू शकतं. मोठ्या प्लॉटच्या कोपऱ्यात १० × १० मीटरचा छोटा प्लॉट आखून त्यात १५ सेंटिमीटरपासूनची खोडं घ्यावीत.

दुसरी खोड राबाची. भाताच्या रोपवाटिकेच्या भाजावळीसाठी ऐन, किंजळ यांची कवळं (पालेदार फांद्या) तोडली जातात. अशा झाडाचं खोड जाड असतं पण डोक्यावर फांद्यांचा विस्तार नसतो. सूत्र मात्र पूर्ण विस्तार गृहीत धरतं आणि वजन फुगवतं. नोंदवहीत प्रत्येक झाडापुढे 'कवळ तोडलंय का' हा रकाना ठेवा. तोडलेल्या झाडांचं खोडाचं आकारमान काढून त्याला घनतेने गुणा, आणि फांद्या वेगळ्या अजमावा. तोडून नेलेली कवळंही त्या वर्षीचं उत्पादनच आहे. ती शेतावर वजन करून हिशेबात मिळवली नाहीत तर ज्या रानातून गाव सर्वांत जास्त घेतं तेच रान कागदावर सर्वांत नापीक ठरेल.

पालागळीसाठी प्रत्येक प्लॉटमध्ये १ × १ मीटरच्या नायलॉन जाळ्या, जमिनीपासून मीटरभर उंच, किमान पाच. मुख्य गळ डिसेंबर ते मार्चमध्ये असते, तेव्हा पंधरवड्याला गोळा केलं तरी चालतं. पावसाळ्यात मात्र दर आठवड्याला, नाहीतर जाळीतच पाला कुजून वजन घटतं. भट्टीत ६५ ते ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. ग्रॅम प्रति चौरस मीटरला १०० ने भागलं की टन प्रति हेक्टर: ६२० ग्रॅम म्हणजे ६.२ टन.

मातीतला साठा

गिरमिट जांभ्यात शिरत नाही. ते अडलं म्हणजे माती संपली असं लिहून टाकणं ही सर्रास होणारी चूक. पहार घ्या, खड्डा खणा, आणि जवळपास चिरेखाण, विहीर किंवा रस्त्यासाठी कापलेली दरड असेल तर तिथे जाऊन मुळं किती खोल गेलीत ते पाहा. चिऱ्याच्या भेगांतून मुळं दोन-तीन मीटर खाली उतरलेली दिसतात.

नमुने ०–३०, ३०–६० आणि ६०–१०० सेंटिमीटर अशा थरांतून घ्यावेत. माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळल्यावर वर राहिलेले खडे फेकू नका, त्यांचं वजन नोंदवा आणि त्यावरून आकारमान काढा. झाडाला मिळू शकणारं पाणी असं काढायचं:

साठा (मिमी) = मातीची खोली (मिमी) × (धरून ठेवलेलं पाणी − झाडाला न ओढता येणारं पाणी) × (१ − खड्यांचा वाटा)

कंसातलं पाणी आणि खडे, दोन्ही आकारमानाच्या हिशेबात. सड्याच्या कडेला ३० सेंटिमीटर माती, कंसातला फरक ०.१२ आणि ४० टक्के खडे: ३०० × ०.१२ × ०.६ = २१.६ मिलिमीटर. घळीत दीड मीटर माती, फरक ०.१४ आणि १५ टक्के खडे: १,५०० × ०.१४ × ०.८५ = १७८.५ मिलिमीटर. पाऊस थांबल्यावर झाडं आणि जमीन मिळून दिवसाला ४ मिलिमीटर उडवत असतील तर पहिली जागा सहाव्या दिवशी कोरडी पडते, दुसरी दीड महिना टिकते. दोन्ही जागांवर पाऊस तेवढाच पडलेला असतो. मॉडेलला हा फरक दिसलाच पाहिजे.

खडे सेंद्रिय कार्बनच्या हिशेबातही घोळ घालतात. बारीक मातीत २.२ टक्के कार्बन, तिची घनता १.२ आणि ३० सेंटिमीटर खोली यांचा गुणाकार हेक्टरी ७९ टन. त्यातून ४० टक्के खडे वजा केले की साडेसत्तेचाळीस. घनतेसाठी स्टीलची कडी ठोकायची पद्धत खडकाळ जांभ्या मातीत फसते, कडी खड्यावर अडते. त्याऐवजी छोटा खड्डा काढून माती वजन करा आणि खड्डा मोजून घेतलेल्या कोरड्या वाळूने भरा. जेवढी वाळू बसली तेवढं आकारमान.

प्रयोगशाळेला नमुने देताना उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) ब्रे पद्धतीने काढायला सांगा. ओल्सन पद्धत उदासीन आणि चुनखडीच्या मातींसाठी आहे, देशावरच्या काळ्या मातीला ती ठीक. कोकणातली माती आम्लधर्मी, आणि तिच्यातली लोह-ॲल्युमिनियमची संयुगं स्फुरद घट्ट पकडून ठेवतात. इथे आकडा कमी येणार हे अपेक्षित आहे. सगळ्या प्लॉटमध्ये तो जवळजवळ सारखाच आला तर मॉडेलमधून काढून टाका: जो घटक बदलतच नाही त्याचा परिणाम मोजता येत नाही. स्फुरद बिनमहत्त्वाचा, असा अर्थ त्यातून काढू नये.

२५० मीटर जाळीचे जागतिक मृदा नकाशे आयते मिळतात. सामू आणि पोत यांसाठी ते कामचलाऊ आहेत. खोलीसाठी कोकणात त्यांच्या भरवशावर राहू नका. २५० मीटरच्या एका चौकोनात सडा, उतार आणि पऱ्याकाठची घळ तिन्ही मावतात.

हवामानाचे आकडे आणि बादली

भारतीय हवामान विभागाचा रोजच्या पावसाचा जाळीबद्ध डेटा ०.२५ अंशांचा आहे, म्हणजे चौकोन साधारण २७ किलोमीटरचा. किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत कोकणाची रुंदी त्यात दोन चौकोनांत आटोपते. घाटाजवळचा जोरदार पाऊस आणि किनाऱ्याचा तुलनेने कमी पाऊस यांची सरासरी होऊन दोन्ही चुकतात. चर्प्स हा उपग्रह आणि पर्जन्यमापक मिळून केलेला पावसाचा डेटा ०.०५ अंशांचा आणि १९८१ पासूनचा आहे, तो बरा. तरी महसूल मंडळांतल्या पर्जन्यमापकांशी ताडून पाहावा.

मग रोजची बादली चालवायची, म्हणजे मातीला बादली समजून रोज तिच्यात किती पाणी आलं आणि गेलं त्याचा हिशेब ठेवायचा. आजचा साठा = कालचा साठा + पाऊस − उडालेलं पाणी, आणि तो वर काढलेल्या क्षमतेपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही; वरचं सगळं वाहून गेलं. उडू शकणारं पाणी ऊन, वारा, तापमान आणि दमटपणा लक्षात घेणाऱ्या पेनमन-मॉन्टीथ सूत्राने काढा. नुसत्या कमाल-किमान तापमानावर चालणारी हारग्रीव्हज पद्धत सोपी, पण दमट हवेत जास्तीचा आकडा देते. साठा अर्ध्याच्या खाली गेला की प्रत्यक्ष उडणारं पाणी त्याच प्रमाणात कमी करत जा.

वर्षभराची बादली चालवली की दोन आकडे हाती येतात, तेच मॉडेलमध्ये घ्यायचे. एक, प्रत्यक्ष उडालेलं पाणी शक्य असलेल्याच्या ३० टक्क्यांखाली गेलं असे 'कोरडे दिवस'. दुसरा, वर्षाची पाण्याची तूट मिलिमीटरमध्ये. वार्षिक पाऊस हवा तर वर्णनाच्या तक्त्यात द्या.

बादलीचं वर्ष जानेवारीपासून धरू नका. १ जूनला, आगोट सरताना, बादली जवळजवळ रिकामी असते. तिथून सुरुवात केली तर आरंभीच्या साठ्याचा अंदाज चुकला तरी फारसं बिघडत नाही.

उपग्रह कधी पाहायचा

जून ते सप्टेंबरातली प्रकाशीय चित्रं बहुतेक ढगांचीच असतात. पोकळ्या भरून काढलेल्या मालिका वापरल्या तर त्या चार महिन्यांत तुम्ही जंगल बघत नसून गणित बघत असता. सेंटिनेल-२ ची १० मीटरची दोन चित्रं निवडा: नोव्हेंबर-डिसेंबरचं आणि एप्रिलचं. दोन्हींतला हिरवेपणाचा निर्देशांक (एनडीव्हीआय) काढा आणि वजाबाकी करा. फरक कमी तिथे मुळांना उन्हाळ्यातही पाणी मिळतंय. खणून काढलेल्या खोलीपेक्षा हा फरक वेगळंच सांगत असेल तर मुळं भेगांतून खाली गेली असण्याची शक्यता आहे. बादलीची खोली त्यानुसार वाढवून पाहावी. पण आधी प्रजाती बघा. साग खोल मातीतही पानं झाडतो आणि अंजनी कोरड्या जागीही हिरवी राहते. हा ताळा मिश्र रानातच लावावा.

दाट रानात एनडीव्हीआय एका मर्यादेपुढे वाढत नाही, तिथे ईव्हीआय हा दुसरा हिरवेपणाचा निर्देशांक वापरा. आणि हापूसच्या बागा, काजू, ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड, दक्षिणेकडे रबर, हे सगळं वरून सदाहरित जंगलासारखंच दिसतं. हाताने सीमा आखून ते वगळण्याला पर्याय नाही. मोडिस या नासाच्या उपग्रह-संवेदकाचा वार्षिक उत्पादनाचा तयार नकाशा ५०० मीटरचा आहे. ०.१ हेक्टरच्या प्लॉटशी त्याची थेट तुलना करून 'मोडिस चुकतं' असं लिहू नये, त्या चौकोनात २५ हेक्टर असतात.

मॉडेल

पहिल्यांदा साधं मिश्र मॉडेल बांधा. वाढीचा लॉगॅरिदम एका बाजूला. दुसऱ्या बाजूला खोडांचं एकूण छेदक्षेत्र, कोरडे दिवस, मातीतला साठा, सामू, प्रजातींची विविधता, तोड-राबाचा रकाना, आणि कोरडे दिवस × साठा हा गुणाकार. गाव आणि साल यादृच्छिक घटक म्हणून, म्हणजे एका गावातले किंवा एका सालातले आकडे एकमेकांसारखे असतात हे मॉडेल लक्षात घेतं. सगळे घटक सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागून घ्या, म्हणजे गुणकांची आपसांत तुलना करता येते. एका घटकामागे निदान दहा प्लॉट असावेत या अंदाजाने घटकांची संख्या आवरा.

एक सापळा इथे आहे. कोरडे दिवस काढताना साठा आधीच वापरलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांत गुंततात. घटक एकमेकांत किती गुंतलेत ते सांगणारा फुगवट्याचा निर्देशांक (व्हीआयएफ) ५ च्या वर गेला तर गुणाकार ठेवायचा असल्यास कोरडे दिवस सर्व प्लॉटसाठी ठरावीक १०० मिलिमीटर बादली धरून पुन्हा काढा. मग तो आकडा निव्वळ हवामानाचा होतो आणि साठा निव्वळ मातीचा.

परिणाम सरळ रेषेत असेल असं नाही. ५० मिलिमीटरवरून १०० वर साठा गेला तर जो फायदा, तो २०० वरून २५० ला मिळणार नाही. 'आर' या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या एमजीसीव्ही पॅकेजने वक्र बसवा, पण वळणांची मर्यादा चारवर ठेवा. जास्त सूट दिली की वक्र प्रत्येक प्लॉटमागे धावतो. रँडम फॉरेस्ट ही अनेक निर्णयवृक्षांची सरासरी घेणारी संगणकी पद्धत पन्नास प्लॉटवर चालवता येते, आकडाही झकास देते, पण त्यावर फार विसंबू नये. हवामान मातीवर, माती प्रजातींवर आणि प्रजाती वाढीवर कसा परिणाम करतात ही साखळी दाखवायची असेल तर पथ-विश्लेषण करा. त्यात बाण कुठून कुठे जातो हे तुम्ही सांगता, सॉफ्टवेअर शोधून देत नाही.

लॉगमधून परत मूळ आकड्यावर येताना नुसता घातांक घेतला तर सरासरी कमी येते. उरलेल्या फरकाच्या वर्गविचलनाच्या (व्हेरियन्सच्या) निम्म्याचा घातांक घेऊन त्याने गुणावं.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं. त्या वर्षांची मोजणी त्या पट्ट्यातली असेल तर पडझडीचा वेगळा रकाना हवा, वणव्याचाही. नाहीतर वाऱ्याने मोडलेल्या फांद्यांचा दोष मॉडेल खुशाल सामूवर टाकतं.

तपासणी

प्लॉट यादृच्छिक वाटून घेतलेली तपासणी फसवी असते. शेजारचे दोन प्लॉट एकमेकांसारखेच असतात. एक शिकायला आणि दुसरा परीक्षेला ठेवला तर परीक्षा आधीच फुटलेली. एकेक तालुका पूर्ण बाजूला ठेवून उरलेल्यांवर मॉडेल बांधा आणि त्या तालुक्याचा अंदाज काढा. आर-वर्ग (प्लॉटांमधला किती फरक मॉडेलला सांगता आला तो वाटा) एका पद्धतीने ०.७ आणि दुसऱ्या पद्धतीने ०.३ आला तर अहवालात ०.३ लिहायचा. चुकांचा नकाशा काढा. चुका घाटाच्या बाजूला एकाच दिशेने झुकल्या असतील तर बहुधा पावसाचा डेटा कच्चा आहे. सड्यांच्या कडेला झुकल्या असतील तर मातीची खोली.

नकाशा रंगवताना प्रत्येक चौकोनाचा साठा आणि कोरडे दिवस तुमच्या प्लॉटच्या किमान-कमाल मर्यादेत बसतात का ते पाहा आणि बाहेरचे चौकोन राखाडी सोडा. किनाऱ्यालगतच्या प्लॉटवर बांधलेलं मॉडेल आंबोलीच्या धुक्यात चालेल असं धरू नये, आणि 'तापमान दोन अंशांनी वाढलं तर' हा प्रश्न तर त्याला विचारूच नये. प्लॉटांमधला तापमानाचा फरक उंचीने आलेला आहे, आणि उंचीबरोबर पाऊस, माती, प्रजाती सगळंच बदललेलं आहे. त्या प्रश्नासाठी ३-पीजीसारखं दर महिन्याची प्रकाशसंश्लेषणाची प्रक्रिया मांडणारं मॉडेल घ्यावं लागतं. १९९७ मध्ये मांडलेलं हे मॉडेल सागासारख्या एका जातीच्या, एका वयाच्या लागवडीला चांगलं लागू पडतं; त्यात जमिनीच्या कसासाठी ० ते १ असा जो आकडा भरायचा असतो तो मात्र अंदाजानेच भरावा लागतो, म्हणून ०.३, ०.५ आणि ०.७ असे तिन्ही घालून निकाल किती हलतो ते सोबत द्यावं.